एका भोकाच्या दोन चौकटी

त्या वर्षी माझी मुलगी तीन वर्षांची होती आणि तिला डांग्या खोकला झाला होता. नवरा बैहरच्या पुढे एका शाळेत मास्तर, शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या जीपने परत जायचा. मुलगी दिवसभर सासूबाईंपाशी असायची. मी सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघायची आणि खाणीच्या वर्कशॉपची बस पकडायची. बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की डोळे मिटायचे, ते बस फाटकात शिरताना गचका बसला की उघडायचे. त्या काळाची आठवण काढली की मला सगळ्यात आधी तो गचकाच आठवतो.

मी ड्रॉइंग ऑफिसमध्ये ट्रेसर होते. म्हणजे आमचे हेड ड्राफ्ट्समन पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचे आणि मी त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून ते शाईने गिरवायची. मग त्याच्या अमोनियाच्या प्रिंटा निघायच्या, त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं, आणि निळसर प्रिंट खाली शॉपमध्ये जायची. ऑफिसात बाई मी एकटीच. आयटीआय केलेली, एका बौद्ध वस्तीतून आलेली, म्हणून पहिली काही वर्षं माझ्या टेबलापाशी कोणी उगाच थांबत नसे. हेड साहेब मात्र थांबायचे. ते बालाघाटचेच, तीन पिढ्या सरकारी नोकरीत असलेल्या घरातले. मोजकं बोलायचे, पण शिकवायचे मनापासून.

वरच्या ऑफिसातून हुकूम आला, की पंपांच्या आणि गिअरबॉक्सच्या सगळ्या जुन्या ड्रॉइंगवर आता नव्या पद्धतीने टॉलरन्स लिहायचे. टॉलरन्स म्हणजे वस्तू किती चुकली तरी चालेल, त्याची हद्द. आधी आम्ही मापाच्या पुढे अधिक-उणे लिहून मोकळे व्हायचो. आता छोट्या आडव्या चौकटी काढायच्या, चौकटीत एक चिन्ह, एक आकडा आणि कोणत्या बाजूपासून मोजायचं त्याचं अक्षर. कपाटभर ड्रॉइंग होती. साहेबांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. हुकमाचा कागद हातात धरून ते म्हणाले, "बाई, हे माझ्या हातून पुरं व्हायचं नाही. पण सुरू तर करावं लागेल."

पहिलं ड्रॉइंग घेतलं ते खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं. त्या पंपाच्या बेअरिंगसाठी बिडाचं एक ओतीव घर असतं. त्याचं एक तोंड सपाट घासलेलं, आणि मधोमध बेअरिंग बसायला मोठं भोक. साहेबांनी त्या एकाच भोकाला दोन चौकटी दिल्या, एकीखाली एक चिकटून. वरच्या चौकटीत गोलात फुली, म्हणजे भोकाची जागा. खालचीत काटकोनाचं चिन्ह, म्हणजे भोक तोंडाशी किती सरळ उभं पाहिजे ते.

मी विचारलं, "एकाच भोकाला दोनदा कशाला, साहेब?"

"दोनदा नाही. दोन वेगळ्या अटी आहेत," ते म्हणाले. त्यांनी माझ्या डब्याचं झाकण घेतलं, त्यावर पेन्सिल उभी धरली. "भोक जागेवरून थोडं सरकलं, तर हा पंप सांभाळून घेतो. पण भोक कललं, तर शाफ्ट तिरका बसतो आणि बेअरिंग जळतं. म्हणून जागेला सूट जास्त, काटकोनाला कमी. वरचा आकडा मोठा, खालचा लहान. लहान अट मोठीच्या आत बसली पाहिजे. उलट लिहिलंत तर खालची चौकट असून नसल्यासारखी. जागाच इतकी आवळलेली असेल, तर भोकाला कलायला वाव कुठे राहिला?"

मला ते तेव्हाच समजलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. समजलं नव्हतं म्हणून चूक झाली, असं मला कधीच म्हणता आलं नाही.

साहेबांनी जागेला एक दशांश मिलिमीटर सूट दिली होती आणि काटकोनाला फक्त दोन शतांश. ते ड्रॉइंग मी ज्या आठवड्यात गिरवलं, त्या आठवड्यात मुलीचा खोकला भरात होता. खोकून खोकून ती निळी पडायची, मग ओकायची, मग माझ्या खांद्यावर पडून राहायची. ऑफिसात माझे हात आपोआप चालायचे. ट्रेसिंग झालं, मी माझ्या रकान्यात सही केली, साहेबांनी 'तपासले' या रकान्यात सही केली. त्यांच्याही टेबलावर तेव्हा ड्रॉइंगांचा ढीग होता. प्रिंट खाली गेली.

खाली भोकं कोरायच्या बोरिंग मशीनवर एक मिस्त्री होते, पन्नाशी ओलांडलेले, राजेगावकडचे. बालाघाटात खोली करून राहायचे. शॉपमधला सगळ्यात नाजूक जॉब त्यांच्याकडे जायचा. मशीन त्यांच्याच वयाचं, झिजलेलं, पण ते त्याला बरोबर ओळखून होते. मी त्यांना काका म्हणायची. प्रिंट समजली नाही तर ते जिन्याच्या खालूनच हाक मारायचे, "ओ बाई, हे काय लिहून ठेवलं?" इंग्रजी त्यांना येत नव्हतं, आकडे मात्र सगळे यायचे.

त्या पंपाच्या घराची तीन ओतकामं आली. काकांनी पहिलं केलं. तपासणीत नापास. दुसरं केलं, तेही नापास. तिसऱ्याला त्यांनी चार दिवस लावले. एरवी दीड दिवसाचं काम. तेही नापास. तीनही नग मागच्या आवारात भंगारात टाकले गेले. पंप जुन्याच घरावर कसाबसा चालवत ठेवला. मॅनेजर भडकले. काकांना मशीनवरून काढून भंगाराच्या आवारात घातलं, आणि हातात एक इंग्रजी कागद दिला. हलगर्जीपणाबद्दल आठ दिवसांत खुलासा करा, असा.

हे सगळं मला बसमध्ये कानावर आलं. वाईट वाटलं. पण ते वाईट वाटणं लांबचं होतं, शेजारच्या गल्लीत कोणी आजारी असावं तसं.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत काका तो कागद घेऊन वर आले. डोळ्यांवर नवा चष्मा होता. दारातच थांबले.

"बाई, हे वाचून सांगता का? अन् जवाबही तुम्हीच लिहून द्या. तुम्हाले इंग्रजी येते, अन् ड्रॉइंगही तुमच्याच ऑफिसचं हाय."

मी त्यांना स्टुलावर बसवलं. कागद वाचून सांगितला. मग म्हटलं, उत्तर लिहायचं तर नग कशात नापास झाले ते पाहू. तपासणीचा कागद त्याला जोडलेलाच होता. त्यात दोन ओळी होत्या. तिन्ही नगांत भोक जागेवरून तीन-चार शतांशाने सरकलेलं होतं. कल मात्र तिन्हींत जेमतेम एक शतांश. त्या जुन्या मशीनवर एवढं सरळ भोक पाडणं म्हणजे कमाल होती. मला आश्चर्य वाटलं. साहेबांनी सांगितलेल्या हिशेबाने हे तिन्ही नग पास व्हायला हवे होते.

मी कपाटातून प्रिंट काढली. वरच्या चौकटीत दोन शतांश होतं. खालच्या चौकटीत एक दशांश.

मग खालचा सपाट खण उघडून साहेबांचं पेन्सिलीचं ड्रॉइंग काढलं. त्यात बरोबर होतं. वर मोठा आकडा, खाली लहान. अदलाबदल माझ्या शाईत झाली होती.

काका स्टुलावर बसून माझ्याकडे पाहत होते. "सापडलं का काही?"

"नाही," मी म्हटलं. "उद्या या. मी लिहून ठेवते."

ते गेले. मी ती दोन्ही ड्रॉइंग एकावर एक ठेवून पुन्हा पाहिली. जागेची सूट मी पाचपट आवळली होती. त्या मशीनवर ती कोणालाच जमली नसती. आणि काकांनी चार दिवस घालवून ती गाठायचा प्रयत्न केला होता.

जेवणाची सुट्टी संपल्यावर मी साहेबांच्या टेबलावर दोन्ही कागद ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. मग दार लोटून घेतलं.

"हे कोणी पाहिलंय?"

"कोणी नाही."

"चूक तुमची आहे," ते म्हणाले, "पण तपासणाऱ्याची सही माझी आहे. मी पाहिलंच नाही, बाई. ढिगातून कागद ओढला आणि सही केली. माझे निवृत्तीचे कागद वर गेलेत. आता हे बाहेर आलं तर तिथेच अडकतील." ते खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "मिस्त्रीला माफीच्या दोन ओळी लिहून द्या. मॅनेजर ताकीद देतील आणि महिन्याभरात परत मशीनवर घेतील. त्यांच्यावाचून शॉप चालायचं नाही. ट्रेसिंगवरचे आकडे आपण हळूच दुरुस्त करू."

मी भांडले नाही. मला कोणी दम दिला नव्हता, लालूच दाखवली नव्हती. मी फक्त दमलेली होते, आणि त्यांनी जो रस्ता दाखवला तो सोपा होता. त्यांनी मला चौकट काढायला शिकवलं होतं, हेही मनात होतं. आणि हेही, की बाई आहे, वस्तीतली आहे, हिच्याकडून चूक होणारच, असं म्हणायला खाली किती तोंडं तयार आहेत.

दुसऱ्या दिवशी मी काकांसाठी उत्तर लिहिलं. माझ्या हातून हलगर्जीपणा झाला, मला खेद आहे, पुन्हा असं होणार नाही, असं सुबक इंग्रजीत. त्यांनी विचारलं, "काय लिहिलं?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, खिशातून पेन काढलं आणि एकेक अक्षर जोडत नागरीत सही केली. जाताना म्हणाले, "तुमचे लय उपकार झाले, बाई."

साहेबांचा अंदाज चुकला. चार दिवसांनी मॅनेजरांचा हुकूम आला. मिस्त्रीने स्वतःच चूक कबूल केली आहे, तेव्हा त्याला कायमचं भंगाराच्या आवारात ठेवावं. बोरिंग मशीनवर दुसरा माणूस. आमचे शॉपचे फोरमन वर येऊन सांगत होते, "मैनेजर साहब बोले, जब खुद ही मान लिया तो अब क्या पूछना." साहेब ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बस फाटकातून आत आली की डाव्या हाताला ते आवार होतं. आता मला फाटकापाशी गचका बसायच्या आधीच जाग यायची. काका लोखंडाचे तुकडे वेगळे करत असायचे, बीड एकीकडे, पोलाद एकीकडे. मला पाहिलं की हात वर करायचे. असे पाच-सहा दिवस गेले. मुलीचा खोकला उतरत आला होता, घरी जरा शांत होतं, पण जेवण काही जात नव्हतं. सासूबाईंनी विचारलं, "तुले काय झालं? तू काहून अशी करून राह्यली?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "त्या माणसाले तं सांग आधी. बाकीचं मंग पाहू."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी आवारात गेले. काका एका उलट्या ड्रमवर बसून भाकर खात होते. त्यांनी माझ्यासाठी लाकडी खोक्यावरची धूळ झटकली. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. आकडे मी उलटे लिहिले, नग चांगले होते, मला तुम्ही स्टुलावर बसलेले असतानाच कळलं होतं, तरी मी तुमच्याकडून माफीवर सही घेतली.

ते चावायचे थांबले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तिन्ही चांगले होते?" त्यांनी विचारलं.

"हो. तिन्ही."

"मले वाटलं माहे हात गेले," ते म्हणाले. "तीस वर्षं मशीनवर हाय मी. तिसरा नग नापास झाला, तं म्या म्हटलं, आता हात थरथर कापून राह्यले असतील, आपल्याले दिसत नसंल. गोंदियाले जाऊन डोळे तपासले. चष्मा केला. घरच्यांले सांगतलं, आता माह्यानं होत नाही." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "अन् तुम्ही ते वाचत होत्या, मी समोर बसलो होतो."

"हौ," मी म्हटलं.

"मंग आता मले कशाले सांगून राह्यल्या? ज्याले सांगाचं त्याले सांगा."

मी तिथून सरळ मॅनेजरांकडे गेले नाही. आधी ऑफिसात गेले, कागदावर चार ओळी लिहिल्या, दोन्ही ड्रॉइंग सोबत घेतली आणि साहेबांना म्हटलं, "मी जाते आहे. तुमचं नाव मी घेणार नाही. पण सही दिसेलच." साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. मी जिना उतरून अर्ध्यावर आले, तेव्हा मागून त्यांच्या चपलांचा आवाज आला.

मॅनेजरांनी माझा कागद वाचला, मग प्रिंट पाहिली. चौकटी त्यांना वाचता येत नव्हत्या. साहेबांनी समजावून सांगितल्या. एकाच भोकाच्या दोन अटी, कोणती सैल, कोणती घट्ट, आणि उलट झाल्यावर काय झालं. मॅनेजर ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"मतलब हमने अच्छा माल कबाड़ में फेंका? और अच्छे आदमी को भी?"

"जी," साहेब म्हणाले. "ट्रेसिंग में गलती इनसे हुई. लेकिन चेक करना मेरा काम था. दस्तखत मेरे हैं. और इनको चुप रहने को भी मैंने ही कहा था."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायची गरज नव्हती. मी ते सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हते.

मॅनेजर आम्हा दोघांवर पंधरा-वीस मिनिटं ओरडले. मला त्यातलं फारसं आठवत नाही. सुटका झाल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. पाय दुखत होते आणि बसायला खुर्ची नव्हती, एवढंच आठवतं. त्या संध्याकाळी बसमध्ये मी इतकी गाढ झोपले की माझा थांबा गेला, आणि ड्रायव्हरने शेवटच्या थांब्यावर उठवलं. तिथून घरापर्यंत चालत आले.

पुढे असं झालं. तीन नगांतला एक तोवर भट्टीत वितळवला गेला होता. उरलेल्या दोनपैकी एक पंपाला बसवला. तो चालला, बेअरिंग तापलं नाही. काकांचा खुलासा परत घेतला गेला, पण मशीन परत मिळायला दोन महिने लागले, कारण एकदा निघालेला हुकूम फिरवायला पाच टेबलं लागतात. माझ्या फाइलमध्ये ताकीदपत्र लागलं. नंतर दोनदा वरची जागा निघाली, ती दोन्ही वेळा माझ्यानंतर आलेल्यांना मिळाली. साहेबांनाही पत्र मिळालं. त्यांचे निवृत्तीचे कागद खरंच अडकले, वर्षभर ते बालाघाट-भोपाळ करत राहिले. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी चहा-समोसे झाले, हार झाला. मी पाया पडायला वाकले, तर ते म्हणाले, "राहू द्या बाई. अजून पंचाहत्तर ड्रॉइंग राहिलीत, तुमच्या गळ्यात टाकून चाललो." त्यात राग होता की नव्हता, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

ती ड्रॉइंग मीच पुरी केली. ट्रेसिंगवरचे ते दोन आकडे मी ब्लेडने खरवडले, पुन्हा लिहिले, आणि बदलांच्या रकान्यात माझ्या नावाची अक्षरं टाकली. त्या जागी कागद पातळ झाला होता. उजेडासमोर धरला की कळायचं.

काका माझ्याशी पहिलं वर्षभर कामापुरतंच बोलले. जिन्याखालून हाक मारणं बंद झालं. आता ते स्वतः जिना चढून वर यायचे, कुठलीही नवी प्रिंट असो, मशीनला हात लावायच्या आधी. प्रिंट माझ्या टेबलावर पसरायचे, चष्मा लावायचे आणि प्रत्येक चौकटीवर बोट ठेवायचे. "हे काय? हे कशापासून? वरचं मोठं का खालचं?" मी प्रत्येक चौकट मोठ्याने वाचायची. कुठे एका भोकाला तीन-तीन असायच्या, जागा, काटकोन आणि वर गोलाईची. तिन्ही वाचून, कोणती कोणाच्या आत बसते ते सांगायची. शॉपमधले लोक हसायचे, फोरमन चिडायचे की म्हातारा वेळ खातो. काकांना त्याचं काही नव्हतं.

सगळं वाचून झालं की ते विचारायचे, "दोनदा पाह्यलं का तुम्ही?"

"तीनदा पाहिलं, काका."

"मंग अजून एकदा पाहा," म्हणायचे, आणि मी पाहीपर्यंत स्टुलावर बसून राहायचे. मी पेन्सिलीचं ड्रॉइंग खणातून काढायची, ट्रेसिंगशेजारी ठेवायची आणि पहिल्या चौकटीपासून पुन्हा सुरू करायची.